अग्निमांद्याआडचे एकाकीपण

प्रवेशाचा हंगाम सरला की पुण्यातील सदाशिव, नारायण वा नवी पेठेतील चिकित्सालयांत एक ठरावीक रुग्ण दिसू लागतो. वय अठरा ते चोवीस. गाव बीड, नांदेड किंवा यवतमाळकडचे. भूक मंदावली आहे, झोप लागत नाही, केस गळतात. मुलगा असल्यास 'धातू जाण्याची' तक्रार शेवटी, खालच्या आवाजात येते. नाडी व जिह्वा पाहून आपण अग्निमांद्य आणि वातप्रकोप नोंदवतो. ते निदान चुकीचे नसते. मात्र "जेवतोस कोणाबरोबर?" हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? आमच्या मते या वयोगटात तो जिह्वापरीक्षणाइतकाच आवश्यक आहे.

एकाकीपण म्हणजे भोवती माणसे नसणे नव्हे. कॉट बेसिसच्या खोलीत चौघे राहतात, अभ्यासिकेत कोपराला कोपर लागतो. पण घरी न सांगता जे आईला कळत असे, ते येथे सांगावे लागते. आणि सांगावे इतकी ओळख कोणाशीच झालेली नसते. अकरावी-बारावीची वर्षे शिकवणी वर्गात गेलेली. तेथील सोबती हा प्रथम स्पर्धक. मैत्री जोडण्याचा सरावच राहून गेलेला. घरच्यांनी कर्ज काढून पाठवले असल्याने दूरध्वनीवर "सर्व ठीक आहे" याखेरीज दुसरे उत्तर देता येत नाही. हे केवळ आपल्याकडचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे सहापैकी एक व्यक्ती एकाकी असल्याचे म्हटले असून, तरुणांतील प्रमाण वृद्धांपेक्षा अधिक दाखवले आहे.

पूर्वी याच पेठांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्या पद्धतीत मिंधेपणा होता, जातीची कुंपणे होती. तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु सोमवारचा मुलगा आला नाही, तर निदान एका घराला ते कळत असे. आज मेसचा डबा दाराच्या कडीला अडकवला जातो आणि सायंकाळी तसाच भरलेला परत गेला, तरी कोणी विचारत नाही.

चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात रोग वाढवणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. आहारविधीत न बोलता जेवण्यास सांगितले आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण मौनाने जेवणे निराळे आणि एकट्याने, भ्रमणध्वनीच्या पडद्यात डोळे घालून जेवणे निराळे. दुसऱ्यात तन्मनस्कता कोठे आहे? त्यात रात्रिजागरणाने रूक्षता वाढते आणि दीपन-पाचन योग देऊनही अग्नी स्थिर होत नाही. मग वैद्य योग बदलत राहतो.

येथे थोडे कटू लिहिणे भाग आहे. अशा रुग्णाच्या हाती सारस्वतारिष्टाची बाटली वा अश्वगंधेच्या गोळ्या ठेवणे सोपे असते, विक्रीही होते. त्या औषधांची योग्यता आम्ही नाकारत नाही. मात्र सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा म्हणून सांगितलेली असताना, तिला दहा मिनिटेही न देता केवळ युक्तिव्यपाश्रयावर भागवणे हे शास्त्राला धरून नाही. 'धातुदौर्बल्या'ची भीती घालणाऱ्या जाहिराती दुकानाच्या काचेवर लावणाऱ्या औषधविक्रेत्या बंधूंनीही विचार करावा. त्या काचेसमोर उभा राहणारा मुलगा बहुधा घाबरलेला असतो, आणि त्याच्या मनातील गोष्ट ऐकणारे दुसरे कोणी त्या शहरात नसते.

आम्ही चिकित्सापत्रावर औषधाखाली आहार-विहाराबरोबर आणखी एक ओळ लिहितो: आठवड्यातून दोन वेळा कोणासोबत तरी बसून जेवणे. पुढील भेटीत भुकेपूर्वी तेच विचारतो. काही मुले हसतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तेथून खरा इतिहास सुरू होतो. त्या इतिहासात जगणे नकोसे झाल्याचा, आत्मघाताच्या विचारांचा किंवा व्यसनाचा उल्लेख आला, तर रुग्ण केवळ आपल्याकडे ठेवू नये. आत्मघाताचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो बळावत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे, शक्य तर सोबत कोणी देऊन. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो चिकित्सालयात आणि औषधालयाच्या गल्ल्याशेजारी, मुलांना न विचारता वाचता येईल अशा ठिकाणी लावावा.