दुकान जवळचं, पाणी गावचं

अमेरिकेत घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ साली, जिमी कार्टर यांच्या सहीने. पोर्टलंडमधलं ‘एफ. एच. स्टाइनबार्ट’ हे बिअर बनवण्याच्या सामानाचं दुकान मात्र १९१८ पासूनचं.

माल्ट, हॉप्स, यीस्ट आज कुठूनही मागवता येतं, कदाचित स्वस्तातही. पाणी गावचंच वापरावं लागतं, आणि बिअरमध्ये बहुतांश तेच असतं! पोर्टलंडला बुल रन नदीचं पाणी येतं. अगदी मृदू, पिल्सनरला साजेसं. इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी नेमकं उलट, जिप्समयुक्त. तिथली पेल एल नावाजली ती त्यामुळेच.

खरी गोम नळाच्या पाण्यातल्या क्लोरामाइन या जंतुनाशकाची. साधं क्लोरिन उकळल्यावर उडून जातं; क्लोरामाइन सहजासहजी जात नाही आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. त्यावर कॅम्पडेनची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. आपल्या नळाला काय येतं हे ठाऊक असलेला दुकानदार ते चटकन सांगतो. घरपोच आलेल्या खोक्यात हा सल्ला नसतो.

महाराष्ट्रात परवान्याविना घरी दारू बनवणं गुन्हा आहे, तेव्हा इथल्या उत्साहींनी हा नाद सोडावा. तिकडच्या मराठी हौशींनी मात्र चार पैसे जास्त गेले तरी पहिली खरेदी जवळच्या दुकानातच करावी, आणि जाताना नगरपालिकेचा पाणी-अहवाल सोबत न्यावा.