जांभळ्या दिव्यांचा मोह आणि विजेचा हिशेब

नंदुरबार तालुका मिरचीसाठी सर्वश्रुत आहे. मिरची म्हटली की रोपवाटिका आली. आणि रोपवाटिकेच्या मागोमाग आता जांभळ्या प्रकाशाचे एल. ई. डी. दिवेही बाजारात आले आहेत. कोरीटसारख्या गावी मे महिन्यात रोपांना उन्हापासून वाचविण्यासाठी शेडनेट ताणावे लागते. तेथे अशा दिव्यांवर पैसा घालण्यापूर्वी हिशेब करणे अगत्याचे आहे.

चार फूट लांब व दोन फूट रुंद फळीवर ९८ कप्प्यांचे चार ट्रे, म्हणजे ३९२ रोपे मावतात. त्यांवर २० वॅटच्या चार ट्यूब रोज १४ तास लावल्यास दिवसाला १.१२ व महिन्याला सुमारे ३४ युनिट वीज जळते. ७५ × ६० सेंटिमीटर अंतरावर एक एकर मिरचीस सुमारे ९,००० रोपे लागतात. म्हणजे अशा २३ फळ्या, आणि महिन्याला पावणेआठशे युनिट! शेतीच्या रोपांसाठी हा मार्ग परवडणारा नाही. अंगणात जे फुकट पडते ते विकत घेण्यात शहाणपण कसले?

मग हे दिवे अगदीच निरुपयोगी आहेत काय? तसे नाही. अंधाऱ्या खोलीतील पुदिना-कोथिंबिरीच्या कुंड्या किंवा पावसाच्या झडीत घरात घेतलेले महागड्या बियाण्याचे एक-दोन ट्रे यांना त्यांचा उपयोग होतो. येथे डोळा फसवितो. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर खोलीच्या कोपऱ्यात जेमतेम शे-दोनशे. आपल्याला तेथे वाचता येते म्हणून रोपालाही ते पुरेल असे नव्हे. ते लांबट, किडकिडीत होऊन कलते.

मात्र दिवा घ्यावयाचा तो साधा पांढरा घ्यावा. पांढरा एल. ई. डी. म्हणजे मुळात निळा दिवाच. त्यावरील पिवळ्या लेपामुळे त्यात हिरवा व तांबडा प्रकाश मिसळतो. (निळ्या एल. ई. डी.च्या शोधाबद्दल २०१४ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.) रोपाला हे सारे रंग उपयोगी पडतात, हिरवा प्रकाश वाया जातो ही समजूत अपुरी आहे. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की हिरवे आहे हेच ओळखू येत नाही, आणि शेतकरी तर रंगावरूनच रोपाची प्रकृती जाणतो.

खोक्यावरील मोठ्या आकड्यांना भुलू नये. ‘१००० वॅट’ असे छापलेला दिवा प्रत्यक्षात शंभर वॅटच घेतो, असे पुष्कळदा आढळते. दिवा किती वॅट ओढतो व प्रत्येक वॅटमागे किती ल्यूमेन देतो, एवढेच दुकानदारास विचारावे. शंभर ल्यूमेन मिळत असल्यास तो चांगला समजावा. दिवा रोपांपासून वीतभर ते फूटभर उंचीवर टांगावा व रोपे वाढतील तसा वर घ्यावा. रात्री तो बंद ठेवावा. पाणी घालताना तर बटण बंद असलेच पाहिजे.

संशय असल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास घरचे मीटरच दाखवावे. इतर सर्व उपकरणे बंद ठेवून एकटा तो दिवा दहा तास लावावा. शंभर वॅटचा असेल तर बरोबर एक युनिट पुढे सरकेल, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.