कवळी आणि झिजलेला जबडा

गरीब वृद्धांस कवळ्या मोफत मिळाव्यात, याविषयी दुमत होणार नाही. कर्नाटक शासनाने २०१४-१५ मध्ये ‘दंतभाग्य’ योजना काढून दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी तशी सोय केली. बेंगळुरूत शासकीय दंतमहाविद्यालय १९५८ पासून असल्याने या शहरास हे कार्य नवे नव्हते. योजना स्तुत्य खरीच. तथापि वरच्या जबड्यास जी कवळी पुरते ती खालच्यासही पुरेल, हे तिच्यामागील गृहीत आम्हांस मान्य नाही.

दात ज्या हाडात रुतलेले असतात, ते हाड दातांच्याच आधाराने जगते. घास चावताना मुळांभोवतीचे तंतू त्यास ओढ देतात. दात गेला की ती ओढ संपते आणि हाड झिजू लागते. वरच्या कवळीस टाळूचे रुंद पटांगण मिळते. खालची मात्र घोड्याच्या नालासारख्या अरुंद वरंब्यावर बसते, आणि जीभ व गाल तिला सतत ढकलीत राहतात. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचे २५ वर्षे निरीक्षण करून १९७२ मध्ये दाखविले, की पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट होते. नाचणीचे मुद्दे न चावता गिळावयाचे असतात, म्हणून त्या बाजूच्या वृद्धांचे कसेबसे निभावते. आपल्याकडील भाकरीस तो उपाय नाही. आजोबांची खालची कवळी वाटीतच पडून राहते.

कमरेच्या हाडाचा तुकडा काढून जबड्यावर बसवावा, म्हणजे उंची परत येईल, असे पुष्कळांस सुचते. परंतु नुसत्या कवळीच्या दाबाखाली हे नवे हाडही झिजते. शिवाय दोन ठिकाणी शस्त्रक्रिया, भूल आणि कित्येक महिने प्रतीक्षा! सत्तरीच्या मधुमेही माणसास हे सुचविताना दहा वेळा विचार करावा. जबडा मोडेल इतका पातळ झाला असेल, तर गोष्ट वेगळी.

सुदैवाने हनुवटीच्या भागात पुष्कळ झिजेनंतरही बहुधा पुरेसे हाड उरते. तेथे टायटॅनियमचे दोन लहान खुंट रोवले की कवळी त्यांवर बटणासारखी अडकते. हाड या धातूस घट्ट धरते, हे स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनी सशांवरील प्रयोगांत पाहिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर त्याचा उपयोग केला. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यास दोन खुंटांवरील कवळी हाच पहिला उपाय मानावा, असे मत दिले.

खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण वाटीत पडून राहणारी कवळी स्वस्त कशी म्हणावी? ज्यांची खालची कवळी दोनदा करूनही बसत नाही, त्यांच्यापासून आरंभ करावा.

आणि मुळात सगळे दात उपटण्याची घाई कशासाठी? खालचे दोन सुळे मजबूत असतील तर मुळांवर उपचार करून, माथा कापून, त्यांवरच कवळी बसविता येते. क्रम व रूनी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या पाहणीत अशा रुग्णांच्या जबड्याची उंची पुढच्या भागात सरासरी ०.६ मिलिमीटर घटली. सगळे दात काढलेल्यांत ५.२ मिलिमीटर. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याने सुळे तपासावेत. ठेवलेली मुळे रोज घासावी लागतात, नाहीतर किडतात, हेही रुग्णास तेव्हाच सांगावे.