एफ.डी. मोडू नका!

बँकेतल्या वीस वर्षांच्या नोकरीत मी मनापासून बोललेलं वाक्य एकच : ‘एफ.डी. मोडू नका.’ बाकीची वाक्यं, म्हणजे ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘शेजारच्या खिडकीवर विचारा’ वगैरे, पगारासाठी बोललेली. त्यामुळे गेल्या डिसेंबरात एफ.डी. मोडण्याचा फॉर्म मी स्वतःच्याच नावाने भरायला घेतला, तेव्हा हात थरथरला. ती एफ.डी. होती लेकीच्या पुढच्या वर्षाच्या फीची. आणि मोडायची होती एका लेन्ससाठी!

दोष फ्लेमिंगोंचा. आम्ही मानखुर्दकर. मानखुर्द म्हटलं की लोकांना देवनारचा कचरा आठवतो आणि बोलताबोलता त्यांचा हात नाकाकडे जातो. पण मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या पुलावर आली, की हिवाळ्यात त्याच लोकांचे डोळे खिडकीबाहेर जातात. खाडीच्या चिखलावर दूरवर एक गुलाबी रेघ ओढलेली असते. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंतची ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसरच्या जागतिक यादीत गेली. आमच्या भागाला जागतिक कीर्ती मिळवून देणारे हे एकमेव रहिवासी, आणि तेही नोव्हेंबर ते मे असे हंगामी.

लेकीने शिकवण्यांच्या पैशातून एक जुना, बिनआरशाचा कॅमेरा घेतला. सोबतची लेन्स वाढदिवसाचा केक टिपण्यापुरती. तिच्यातून फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर सांडलेला गुलाल दिसे. ‘बाबा, टेलीफोटो झूम हवी,’ ती म्हणाली, आणि आमच्या घरात सल्लागार मंडळाची स्थापना झाली.

मुलुंडचा मेव्हणा म्हणाला, ‘भाऊजी, सहाशेच्या खाली बघूच नका.’ हा गृहस्थ स्वतः मोबाइलवर फोटो काढतो, आणि त्यातही त्याचं बोट येतं. मग मी फोर्टातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आवाज खाली आणून गुपित फोडलं, ‘साब, तीनसौ का लेन्स लो. आपके कॅमेरे पे साडेचारसौ हो जाता है. फ्री में!’

तीनशेचे साडेचारशे! वाचकहो, वर्षाला सात टक्के चक्रवाढ व्याजाने पैसा दीडपट व्हायला सहा वर्षं लागतात. इथे लेन्स कॅमेऱ्यावर चढवताक्षणी दीडपट! अशी स्कीम घेऊन कोणी आमच्या काउंटरला आला असता, तर मी आधी त्याला पाणी दिलं असतं आणि मग वॉचमनला हाक मारली असती.

माझं भांडण आहे ते या दीडपटीशी. सेन्सर म्हणजे जुन्या फिल्मच्या जागी बसलेली चिप. मोठी असते ३६ बाय २४ मिलीमीटर. लेकीच्या कॅमेऱ्यातली धाकटी, साधारण २४ बाय १६. आता हिशेब करा. लहान फ्लेमिंगो उभा राहिला तर सुमारे नव्वद सेंटीमीटर. तो शंभर मीटरवर असेल, तर तीनशेच्या लेन्समधून त्याची प्रतिमा पडते २.७ मिलीमीटरची. मोठ्या सेन्सरवर २.७, धाकट्यावरही २.७. पक्षी तसूभरही वाढला नाही. फक्त भोवतालचा चिखल कापला गेला. याला वाढ म्हणायचं, तर टीडीएस कापल्यावर माझा पगार वाढला असंच म्हणावं लागेल.

न्यायाने सांगायचं तर यात एक खरी गोम आहे. दोन्ही सेन्सरांवर चोवीस चोवीस मेगापिक्सेल असतील, तर धाकट्यावर ते दाटीवाटीने बसतात, मानखुर्दच्या चाळीत राहावं तसे. मग त्याच २.७ मिलीमीटरच्या पक्ष्याच्या वाट्याला सव्वादोन पट ठिपके येतात आणि पिसं अधिक दिसतात. हा फायदा दाटीचा. त्याचं श्रेय लेन्सच्या आकड्याला कशाला? पण दाटीची जाहिरात कोण करणार?

यापुढचं संकट माउंटचं. बहुतेक कंपन्यांचा लेन्स बसवायचा खाचा वेगळा. लग्नात गोत्र एक निघालं की पंचाईत, इथे वेगळं निघालं की पंचाईत! शिवाय लेन्स धाकट्या सेन्सरची की मोठ्याची, तेही पाहायचं. डबल बेडची चादर कॉटवर चालते, चार टोकं दुमडली की झालं. कॉटची चादर डबल बेडवर घाला, कोपरे उघडे पडतात. मोठ्या कॅमेऱ्यावर धाकटी लेन्स लावली की फोटोचे कोपरे असेच काळे होतात, नाहीतर कॅमेराच मुकाट्याने चित्र कापून देतो.

एवढं ज्ञान झाल्यावर मी फॉर्मवर सही करणार, तोच ही माळ्यावरून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. आत वडिलांची जुनी कॅनन लेन्स. सत्तर ते दोनशे दहा. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून अण्णा औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या जमवून डब्यात टाकत. घरातल्या प्रत्येकाच्या आजारपणाचा त्या लेन्सला उपयोग झाला होता. आणि त्या लेन्सच्या माउंटचं नाव काय असावं? एफ.डी.!

थट्टा नव्हे. १९७१ सालच्या या एफ.डी. लेन्सा कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यांवर बसेनाशा झाल्या त्या १९८७ साली. त्या वर्षी ई.एफ. नावाचा नवा माउंट आला. एफ.डी. लेन्सला फिल्मपासून ४२ मिलीमीटरवर बसायची सवय, आणि नव्याचं अंतर ४४. मध्ये रिंग घालावी तर ती उणे दोन मिलीमीटर जाडीची हवी, आणि तसली रिंग कुठल्याच लोहारापाशी मिळत नाही. अण्णांनी डब्याचं झाकण लावलं आणि विषय बंद केला.

पण बिनआरशाच्या कॅमेऱ्यात मधला आरसा गेला आणि हे अंतर सोळा ते वीस मिलीमीटरवर आलं. आता मध्ये साधी पोकळ रिंग घालायला वीसेक मिलीमीटरची ऐसपैस जागा! लांबच्या अंतराची जुनी लेन्स आखूड अंतराच्या नव्या कॅमेऱ्यावर बसते, उलटं मात्र नाही. सासू सुनेच्या घरी येऊन राहू शकते, असं मी हिला समजावलं. तिने ते ज्या चेहऱ्याने ऐकलं, त्यावरून उदाहरण चुकल्याचं कळलं.

फीच्या तुलनेत किरकोळ पैशांत रिंग आली. फोकस हाताने करावा लागतो. तो जमायला लेकीला तीन रविवार लागले. तरी दोनशे दहाला पक्षी लहानच दिसे. तेव्हा मी माझ्या खात्यातला उपाय सुचवला : मुदत पाहा! ओहोटीला हे पक्षी चिखलभर दूर पांगतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं. शंभर मीटरवरचा पक्षी पन्नास मीटरवर आला, की दोनशे दहाच्या लेन्समध्ये १.९ चे ३.८ होतात. हे मात्र खरंखुरं दुप्पट, व्याजासकट आणि फुकट! आपण मात्र चिखलात त्यांच्या मागे धावायचं नाही. तो चिखल त्यांचा आहे, आणि तो आपल्याला कमरेपर्यंत ठेवून घेतो. शिवाय सकाळी लवकर जायचं. उन्हं तापली की खाडीवरची हवा थरथरते, आणि मेव्हण्याची सहाशेची लेन्स ती थरथर फक्त मोठी करून दाखवते.

ज्यांना जंगलातला वाघ किंवा उडता ससाणा हवा, त्यांनी सहाशे खुशाल घ्यावी. माझा राग लेन्सवर नाही. ज्याला काय पाहायचंय ते न विचारता आकडा विकणाऱ्यावर आहे, आणि तो आकडा उरावर घेऊन घरी येणाऱ्या आम्हा बापांवर आहे. आधी पाहा हातात कुठला कॅमेरा आहे, मग त्याचा माउंट, मग सेन्सर, मग पक्षी किती लांब. पासबुक सर्वांत शेवटी उघडा.

फेब्रुवारीतल्या एका भरतीला लेकीने फोटो काढला. पुढे गुलाबी रांग, मागे पूल, पुलावर आमची लोकल. सहाशेच्या लेन्समध्ये यातला एक पक्षी मावला असता आणि मानखुर्द बाहेर राहिलं असतं.

फोटो भिंतीवर आहे. फीची एफ.डी. बँकेत आहे. अण्णांची मात्र मोडली. पस्तीसेक वर्षांनी का होईना, मुदत पूर्ण झाली होती.