पेढी आणि खाण एकाच हाती

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा इतिहास बहुधा धाडसी पुरुषांची चरित्रे म्हणून सांगितला जातो. विल्यम राल्स्टन हे त्या मालिकेतील एक ठळक नाव. १८२६ साली ओहायो राज्यात जन्मलेल्या या तरुणाने प्रथम नदीवरच्या आगबोटींवर कारकुनी केली. पुढे सोन्याच्या लाटेबरोबर तो कॅलिफोर्नियाकडे निघाला, काही वर्षे पनामात जहाजांची अडत सांभाळून सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावला आणि १८६४ मध्ये त्याने 'बँक ऑफ कॅलिफोर्निया' उभी केली. अध्यक्षपदी डॅरियस मिल्स यांचे प्रतिष्ठित नाव होते; कारभार मात्र रोखपाल राल्स्टनच्या हाती होता. चरित्रकार त्याला सॅन फ्रान्सिस्कोचा निर्माता म्हणतात. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्या निर्मितीचा जमाखर्च पाहिला पाहिजे.

नेवाडातील कॉमस्टॉक येथे १८५९ मध्ये चांदीचा प्रचंड साठा सापडला होता. राल्स्टनने तेथे विल्यम शॅरन या प्रतिनिधीस बसवले. इतर सावकार दरमहा तीन ते पाच टक्के व्याज घेत असता शॅरनने दोन टक्क्यांनी कर्जे देऊ केली. खनिज दळणाऱ्या गिरण्यांच्या मालकांनी ती आनंदाने उचलली. लवकरच खाणींना मंदीने गाठले, गिरण्या बंद पडल्या, हप्ते थकले आणि गहाण पडलेली गिरणी बँकेच्या मंडळींकडे आली. अशा गिरण्यांची १८६७ मध्ये एक कंपनी झाली. खाणींच्या संचालक मंडळांवर याच मंडळींची पकड होती. त्यामुळे खनिज कोणत्या गिरणीत जावे हेही तेच ठरवू लागले. खाणीच्या सामान्य भागधारकाने वर्गणी भरत राहावे आणि नफा दळणावळीत मुरावा, अशी ही व्यवस्था होती. त्यावर रेल्वेचा कळस चढला. दोन परगण्यांनी पाच लाख डॉलरचे रोखे देणगी म्हणून दिले आणि १८७० च्या आरंभी गाडी व्हर्जिनिया सिटीस पोचली. पैसा जनतेचा, मालकी पेढीची! स्वस्त कर्ज हे येथे मक्तेदारीचे पहिले हत्यार ठरले.

या हिशेबात मनुष्याच्या जिवाची नोंद कोठे होती? अडॉल्फ सुट्रो याने खाणींखालून एक लांब बोगदा खणण्याची योजना मांडली होती. त्यातून पाणी निघून गेले असते, हवा खेळली असती आणि संकटकाळी बाहेर पडण्यास वाट मिळाली असती. बँकेच्या मंडळींनी आरंभी या योजनेला पाठिंबा दिला. परंतु खनिज बोगद्यातून परस्पर बाहेर गेल्यास आपल्या गिरण्या ओस पडतील हे ध्यानी येताच ते तिच्या विरोधात उभे राहिले. ७ एप्रिल १८६९ रोजी 'यलो जॅकेट' खाणीत आग लागली आणि किमान पस्तीस कामगार मेले. त्यानंतर खाणकामगारांच्या संघटनेने, रोज चार डॉलर कमावणाऱ्या माणसांनी, त्या बोगद्यासाठी पन्नास हजार डॉलर उभे करण्याचा निर्णय घेतला. जे भांडवलाला सुचले नाही ते श्रमिकांना सुचले. मात्र त्याच वर्षी याच कामगारांनी रेल्वेवर राबणाऱ्या चिनी मजुरांना हुसकून लावले, हेही विसरता येत नाही. मालकाशी लढणारा कामगार आपल्याहून दुबळ्या कामगाराचा शत्रू होऊ शकतो, हा धडा आपल्या चळवळीनेही लक्षात ठेवावा.

राल्स्टन वृत्तीने कंजूष नव्हता. लोकरीच्या गिरण्या, गाड्यांचा कारखाना, लाकडी सामानाचा कारखाना, नाट्यगृह आणि अखेरीस भव्य 'पॅलेस हॉटेल' यांत त्याने पैसा ओतला. पण तो ठेवीदारांचा होता. कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकच असल्यावर 'नाही' म्हणणार कोण? १८७३ मध्ये कॉमस्टॉकचा सर्वांत मोठा साठा प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागला. २६ ऑगस्ट १८७५ रोजी ठेवीदारांची रीघ लागली आणि बँकेचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी संचालकांनी राल्स्टनचा राजीनामा घेतला. त्याच दुपारी समुद्रात पोहायला गेला असता तो मृत्यू पावला. बँक ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली. शॅरन मात्र सिनेटर झाला आणि 'पॅलेस हॉटेल'ही त्याच्याकडेच गेले. व्यक्ती गेली, व्यवस्था टिकली.

ही परदेशातील जुनी कथा आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. १९६९ पूर्वी आपल्याकडील प्रमुख बँकाही उद्योगसमूहांच्या प्रभावाखाली होत्या. त्या वर्षीच्या १९ जुलैला झालेल्या चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणामागे हे एक कारण होते. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अंतर्गत कार्यगटाने मोठ्या उद्योगसमूहांना बँका काढू देण्याची शिफारस केली. २०२१ मध्ये स्वीकारलेल्या शिफारशींत ती नव्हती, एवढेच समाधान. सरकारी मालकीने हा रोग आपोआप बरा होतो असे नव्हे; बड्या उद्योगांची थकलेली कर्जे राष्ट्रीयीकृत बँकांनीही पाहिली आहेत. म्हणूनच ठेवीदार, शेतकरी आणि कामगार यांची देखरेख हवी. कुंपणानेच शेत खाल्ले की राखणदाराच्या शौर्याच्या कथा ऐकून पोट भरत नाही. उद्या ती शिफारस पुन्हा डोके वर काढील, तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ठेवीदारांना एकच प्रश्न विचारावा : तुमच्या पैशाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे?