चालू झालं ना, मग झालं!

ब्रॅकनेल म्हणजे १९४९ साली लंडनच्या पश्चिमेला कागदावर आखून वसवलेलं नवं गाव. चौकाचौकात गोल वळसे, कंपन्यांची ऑफिसं, आणि समुद्र कुठेच नाही. थेम्ससुद्धा गाठायची तर विंडसरला किंवा मेडनहेडला जावं लागतं. अशा गावात राहून आम्ही चौघा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून एक जुनी मोटरबोट घेतली. चौघेही इंजिनियर, त्यात माझी डॉक्टरेट उष्णतेच्या वहनावर. तेव्हा इंजिन तापून बोट बंद पडली ती माझ्याच हातात, हे ओघानं आलंच!

ऑगस्टमधला रविवार. क्लिव्हडेनचा झाडांनी भरलेला डोंगर मागे टाकून आम्ही बोल्टर्स लॉककडे उतरत होतो. आई-बाबा भारतातून आलेले, त्यामुळे मी जरा मिजाशीत. तेवढ्यात तापमानाचा काटा चढायला लागला आणि मागून रबर जळल्याचा वास आला.

इथे स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्या कोकणातल्या लाँचमध्ये इंजिन आत, त्यातून सरळ दांडा बाहेर, त्याच्या टोकाला पंखा आणि मागे वेगळं सुकाणू. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आतच, पण बोटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर एक पाय लोंबतो आणि पंखा त्या पायाला. १९५९ साली व्होल्वो पेंटानं ही रचना ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावानं बाजारात आणली. वळायचं तर तो अख्खा पाय वळवायचा. वेगळं सुकाणू नाही. म्हणजे इंजिन बंद केलं की बोटीचं वळणंही जवळजवळ गेलं!

आता विचार करा. इंजिन चालू ठेवलं तर ते जळणार, आणि बंद केलं तर प्रवाह आपल्याला लॉकशेजारच्या बंधाऱ्याकडे नेणार. मी बंद केलं आणि नांगर टाकला. तो धरेपर्यंतची दोन मिनिटं बाबा एक शब्द बोलले नाहीत. एका भल्या माणसानं आपल्या बोटीला बांधून आम्हाला काठाला लावलं.

कारण शोधायला फार अक्कल लागली नाही. नदीचं पाणी ओढून इंजिनाला थंड करणारा एक पंप असतो. त्यात रबरी पात्यांचं एक चाक फिरतं, त्याला इम्पेलर म्हणतात. पाणी हेच त्याचं वंगण, कोरडं फिरलं तर थोड्या वेळात रबर जळतं. आमच्या बोटीत हा पंप त्या पायातच आहे, म्हणून क्रेननं बोट बाहेर काढावी लागली. उघडून बघतो तर सहापैकी तीन पाती गायब! एप्रिलमध्ये बोट जमिनीवर असताना ‘जरा बघूया सुरू होतंय का’ म्हणून मी ती दहा-पंधरा सेकंद कोरडीच चालवली होती. सुरू झाली होती. मी खूश झालो होतो.

नवा इम्पेलर बसवला, बोट पाण्यात सोडली. दहा मिनिटं झकास, मग काटा पुन्हा वर.

रात्री रत्नागिरीला मामांना फोन केला. त्यांचा जन्म लाँचच्या इंजिनांत गेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन पाती गेली म्हणतोस. मग ती तीन पाती कुठं आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उष्णतेची समीकरणं मांडली होती, पण तुकडे मोजले नव्हते. दुसऱ्या शनिवारी पंपापासून पाण्याच्या वाटेनं एकेक नळी सोडवत गेलो. रबराचे तुकडे पहिल्याच कूलरच्या तोंडाशी दाटून बसले होते. वर्तमानपत्रावर ते जुळवून तीन पाती पूर्ण केली, तेव्हा कुठे पुढे गेलो.

पुढे आणखी वाईट निघालं. धुराच्या रबरी नळ्याही त्याच पाण्यानं थंड राहतात. पाणी थांबलं तेव्हा त्यातली एक आतून करपून पातळ झाली होती. ती फाटली असती तर कार्बन मोनॉक्साइड बोटीत भरला असता. त्याला ना रंग, ना वास. दांड्याभोवतीचा रबरी भाताही तपासला, कारण तो फाटला तर बोट उभ्या जागी बुडू शकते. मी मात्र इंजिनाचा आवाज ऐकून आई-बाबांना पुन्हा बसवायला निघालो होतो.

माझं म्हणणं एवढंच की, इंजिन चालू होणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. का मोडलं, मोडताना आणखी काय काय बिघडवून गेलं, आणि आता भार घेऊन चालतं का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली की दुरुस्ती झाली. आपण पैसे मोजतो ते बहुधा सुट्या भागाचे, शोधाचे नव्हे. म्हणून मिस्त्रीही भाग बदलून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

‘तिकडे शिस्त आहे, आपल्याकडे नाही’ असं म्हणणाऱ्यांनाही सांगतो. थेम्सवर बोटीला दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी लागते. ती मुख्यतः इंधन, गॅस आणि आगीच्या धोक्याची. आमची बोट त्यात पास होती. एप्रिलमधला आगाऊपणा कुठलाही दाखला पकडत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महागडा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला शंभराहून अधिक माणसं घेऊन निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला, असं नौदलानंच सांगितलं. इंजिन चाचणीत दगा देणारच, चाचणी असते त्याचसाठी. म्हणून ती माणसांपासून लांब करायची. मुंबईच्या बंदरापासून माझ्या चिमुकल्या बोटीपर्यंत नियम हाच.

असो. आम्ही चाचणी केली ती बोट काठाला दोरांनी बांधून, अर्धा तास, इंजिनाला भार देऊन. बोटीत एकटा मी, अंगात लाइफ जॅकेट. काटा हलला नाही. मग आई-बाबांना बसवलं.

बाबांनी बसण्याआधी विचारलं, "पाती मोजलीस ना?"

मामांनी त्यांना सगळं सांगितलं होतं तर!