आधी पेपर, मग मैदान

आमच्याकडे जलसा असला की वक्ता १९६५ च्या खेमकरणला पोहोचतोच. अब्दुल हमीदांनी पॅटन रणगाडे कसे फोडले, हे अचलपूरपासून बाळापूरपर्यंत उर्दू शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असतं. अग्निवीरचा पेपर उर्दूतून देता येतो, हे मात्र वक्ता सांगत नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसतं.

२०२३ पासून सेनाभरतीचा क्रम उलटला. पूर्वी आधी धावणं, मग पेपर. आता आधी संगणकावरची सामायिक परीक्षा, त्यात निवड झाली तरच मैदान. २०२५ पासून ही परीक्षा १३ भाषांत आहे, त्यात मराठी आहे आणि उर्दूही. तरी आमचे पोट्टे पहाटे उठून १६०० मीटरच पळतायत.

"जाऊ द्या सर, आपल्याला कुठं घेतात!" हे वाक्य पालकांपेक्षा शिक्षकांच्या खोलीत जास्त ऐकू येतं, याचा मला राग आहे. भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. भाड्याचं घर शोधणाऱ्याला विचारा. पण ५० प्रश्न आणि ६० मिनिटांच्या या पेपरात संगणक उत्तर तपासतो, नाव नाही. फॉर्मच भरला नाही तर नाकारलं कोणी?

दुसरी तक्रार खरी आहे. नोकरी चार वर्षांची, पुढे चारांतला फार तर एक कायम. योजना मलाही पटत नाही. पण हा हिशेब पोराने आणि त्याच्या घरच्यांनी करायचा. आपण त्याच्या वतीने दार लावून घ्यायचं नाही.

खरी अडचण शब्दांची आहे. क्लासमध्ये सर विचारतात मसावि काढ, लसावि काढ. आमचा पोरगा गप्प. तो शाळेत 'आद-ए-आज़म' आणि 'ज़ू-अज़आफ़-ए-अक़ल' शिकलाय. गणित येतं, नाव कळत नाही. घनता म्हणजे त्याची 'कसाफ़त', त्वरण म्हणजे 'इसराअ'. एका प्रश्नाला जेमतेम ७२ सेकंद, त्यातली निम्मी शब्द ओळखण्यात गेली तर तो अंदाजाने टिक करतो, आणि चुकलं की अर्धा गुण जातो. मग क्लासवाले म्हणतात, उर्दूची पोरं कच्ची असतात.

पेपर उर्दूत निवडला तरी सराव मराठी-हिंदी गाइडवरच होणार, कारण अमरावती-अकोल्याच्या दुकानांत तीच मिळतात. हा पूल क्लासवाला बांधणार नाही, त्याला उर्दू येत नाही. दोन्ही भाषा ज्यांना येतात ते उर्दू शाळांमधले आपण शिक्षक. बालभारतीची नववी-दहावीची उर्दू आणि मराठी पुस्तकं शेजारी ठेवा. प्रकरणं तीच, आकृत्या त्याच. गणित-विज्ञानाच्या शब्दांचा दोन रकान्यांचा तक्ता दोन रविवारांत होतो. जलशाच्या वर्गणीतून त्याच्या झेरॉक्सही निघतील.